वेशीबाहेरचे न्यूरेंबर्ग

ऐतिहासिक नगरीस भेट देणारा प्रवासी बहुधा तटबंदीच्या आत जे दिसते, त्यालाच त्या नगरीचा इतिहास समजतो. किल्ला पाहिला, दोन-तीन चर्चे पाहिली, चौकातील जुन्या घड्याळाखाली दुपारचे बारा वाजेपर्यंत उभे राहिले, की नगरदर्शन आटोपले! उरलेले दिवस मग आसपासच्या रम्य स्थळांना वाटून दिले जातात. नगरी म्हणजे इतिहास आणि परिसर म्हणजे विश्रांती, अशी ही वाटणी असते. जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या बाबतीत मात्र ती सपशेल फसते. कारण या नगरीने आपल्या इतिहासाचा बराचसा भाग स्वतःच्या हातांनी वेशीबाहेर घालविला. आणि जे बाहेर गेले ते शेजारच्या गावांत रुजले, वाढले. तेव्हा न्यूरेंबर्गहून करावयाच्या छोट्या सहली हा तेथील इतिहासाचा उत्तरार्धच होय, आणि तो कोणत्या क्रमाने वाचावा हे आधी ठरविलेले बरे.

प्रथम पूर्वार्ध. बव्हेरियाच्या उत्तरेकडील फ्रांकोनिया प्रांतात, पेग्निट्स नदीच्या दोन्ही तीरांवर ही नगरी वसली आहे. तिचा पहिला लेखी उल्लेख 1050 सालचा. पुढे ती थेट सम्राटाच्या अधीन असलेली स्वतंत्र नगरी झाली. नव्या सम्राटाची पहिली राजसभा न्यूरेंबर्गातच भरावी, असा दंडक 1356 च्या सुवर्णमुद्रांकित शासनाने घालून दिला. आणि 1424 पासून 1796 पर्यंत साम्राज्याचा मुकुट व इतर राजचिन्हे याच नगरीच्या स्वाधीन होती. येथील कारागिरांचा हात आणि व्यापाऱ्यांची पेढी या दोहोंचा लौकिक दूरवर पसरला होता. पोर्तुगालचा हिंदुस्थानातील पहिला व्हाइसरॉय आल्मेदा 1505 साली जो ताफा घेऊन निघाला, त्यातील तीन जहाजांत जर्मन व्यापाऱ्यांचे भांडवल गुंतले होते. त्यांत न्यूरेंबर्गच्या इमहोफ आणि हिर्शफोगेल या पेढ्याही होत्या. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह याने आल्बुकर्कला भेट दिलेला गेंडा 1515 च्या आरंभी गोव्याहून जहाजात चढला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. त्याचे वर्णन व रेखाटन न्यूरेंबर्गला पोहोचताच, गेंडा कधीही न पाहिलेल्या आल्ब्रेख्ट ड्यूररने त्याचे जगप्रसिद्ध काष्ठचित्र कोरविले. त्या चित्रातील गेंड्याच्या खांद्यावर एक जादा शिंग आहे; तरीही पुढे दोन शतकांहून अधिक काळ युरोप त्यालाच खरा गेंडा मानीत आला! ड्यूररचे राहते घर किल्ल्याच्या पायथ्याशी आजही उभे आहे.

एवढे वैभव ज्या मुख्य चौकात एकवटलेले दिसते, तेथे प्रवाशाने जरा थांबले पाहिजे. हा प्रशस्त बाजार आणि त्यावरील मेरीमातेचे चर्च ज्या भूमीवर उभे आहे, तेथे पूर्वी ज्यूंची वस्ती होती. डिसेंबर 1349 मध्ये त्या वस्तीवर हल्ला झाला, किमान 562 ज्यूंची हत्या करण्यात आली, घरे पाडण्यात आली आणि सिनेगॉगच्या जागी चर्च बांधण्यात आले. सम्राट चौथा चार्ल्स याने वस्ती पाडण्याची अनुज्ञा आधीच देऊन ठेवली होती. त्याच चार्ल्सच्या पुतळ्याभोवती रोज दुपारी बारा वाजता सात राजनिर्वाचकांच्या बाहुल्या घड्याळातून प्रदक्षिणा घालतात आणि खाली जमलेले प्रवासी कौतुकाने माना उंचावून पाहतात. पुढे काही ज्यू कुटुंबे परतली, नव्या जागी राहू लागली. परंतु 1499 मध्ये सम्राटाच्या संमतीने नगरीने त्यांना कायमचे हद्दपार केले. त्यानंतर सुमारे साडेतीन शतके कोणाही ज्यूला तेथे वास्तव्याचा अधिकार नव्हता.

ही माणसे गेली कोठे? या प्रश्नाचे उत्तर शोधणारी पहिली सहल फार दूरची नाही. पश्चिमेस अवघ्या 7 किलोमीटरांवर फ्यूर्त हे गाव आहे. या गावाचे एक नव्हे, तीन धनी होते: बांबेर्गचे धर्मपीठ, आन्सबाखचा मार्ग्रेव्ह आणि खुद्द न्यूरेंबर्ग. तिघांचे आपसांत पटत नसे. एकाने हाकलले तर दुसरा आश्रय देई. कारण वस्ती वाढली की कर वाढतो, हे प्रत्येकास कळत होते. धन्यांच्या भांडणात रयतेला श्वास घ्यावयास जागा मिळाली. 1528 पासून ज्यू येथे स्थायिक होऊ लागले. 1607 मध्ये त्यांचे दफनस्थान झाले, 1617 मध्ये मोठे सिनेगॉग झाले, पुढे हिब्रू ग्रंथांचे छापखाने निघाले. न्यूरेंबर्गात व्यापारासाठी जावयाचे झाले तर फ्यूर्तच्या ज्यूला वेशीवर शुल्क भरावे लागे, सोबत रखवालीचे माणूस घ्यावे लागे आणि रात्रीपूर्वी परतावे लागे. 1763 मध्ये या गावात ज्यू मुलांसाठी अनाथालय निघाले. मार्च 1942 मध्ये तेथील मुलांना त्यांच्या संचालकासह पोलंडकडे मृत्यूच्या वाटेवर पाठविण्यात आले. हेन्री किसिंजर यांचा जन्म याच गावी 1923 साली झाला. 1938 मध्ये त्यांच्या कुटुंबाने देश सोडला. गावातील ज्यू संग्रहालय हा सारा वृत्तांत एका जुन्या ज्यू घरातच मांडते.

फ्यूर्तला जाणारा मार्गही इतिहासाचाच आहे. जर्मनीतील पहिली आगगाडी 7 डिसेंबर 1835 रोजी न्यूरेंबर्गहून फ्यूर्तला धावली. अंतर सुमारे 6 किलोमीटर. 'आडलर' म्हणजे गरुड हे एंजिन इंग्लंडातील स्टीफन्सनच्या कारखान्यातले आणि ते हाकणारा विल्यम विल्सनही इंग्रजच. कोळसा सॅक्सनीतून आणावा लागे व तो महाग पडे. म्हणून आरंभी बऱ्याचशा फेऱ्यांना रुळांवरून घोडेच डबे ओढीत! बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी निघाली, तेव्हा या घटनेला पुरती अठरा वर्षेही झाली नव्हती. ज्या गावच्या माणसांना न्यूरेंबर्गच्या वेशीवर शुल्क मोजावे लागे, त्याच गावाशी नगरीने देशातील पहिले लोखंडी नाते जोडले. आज भुयारी रेल्वेची फ्यूर्तकडे जाणारी गाडी काही अंतर त्याच जुन्या मार्गाने जाते. आणि न्यूरेंबर्गच्या रेल्वे संग्रहालयात 'आडलर'ची प्रतिकृती पाहावयास मिळते.

फ्यूर्तसाठी सकाळ ठेवली तर दुपार एर्लांगेनला देता येते. उत्तरेकडे सुमारे 20 किलोमीटरांवरील हे गाव पाहताच एक गोष्ट डोळ्यांत भरते: रस्ते सरळ, चौक काटकोनात, घरे एकसारखी, दर्शनी भिंती साध्या. जुन्या जर्मन गावांच्या वाकड्यातिकड्या गल्ल्या येथे नाहीत. 1685 मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना दिलेले धर्मस्वातंत्र्य काढून घेतले आणि लाखोंच्या संख्येने ह्युगेनॉ लोक देशोधडीला लागले. बायरॉइटचा मार्ग्रेव्ह क्रिश्चन एर्न्स्ट याने त्यांना बोलावून घेतले. 1686 च्या मे महिन्यात पहिले निर्वासित आले आणि जुलैत त्यांच्या चर्चचा पाया घातला गेला. म्हणजे डोक्यावर छप्पर येण्याआधीच देवळाची आखणी झाली. मार्ग्रेव्हची ही निव्वळ भूतदया नव्हती. तीस वर्षांच्या युद्धाने त्याचा मुलूख ओस पडला होता, आणि या लोकांच्या हाती मोजे विणण्याची, हातमोजे व टोप्या करण्याची कला होती. तथापि हेतू व्यवहाराचा असला तरी आश्रय खराच होता. 1743 मध्ये येथे विद्यापीठ आले. विसाव्या शतकातील थोर गणिती एमी नोएथर यांचा जन्म 1882 मध्ये याच गावी झाला आणि 1907 मध्ये त्यांना डॉक्टरेटही येथेच मिळाली. त्या ज्यू असल्यामुळे 1933 मध्ये नाझींनी त्यांना ग्योटिंगेनच्या विद्यापीठातून काढून टाकले. निर्वासितांनी वसविलेल्या गावच्या कन्येलाही अखेर निर्वासित व्हावे लागले!

न्यूरेंबर्गचे स्वतःचे विद्यापीठही वेशीबाहेरच होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पूर्वेस सुमारे 25 किलोमीटरांवरील आल्टडोर्फ या लहानशा गावी नगरीने 1575 मध्ये आपली उच्च शाळा नेली आणि तिचेच 1622 मध्ये विद्यापीठ झाले. लाइपझिगने पदवी नाकारलेल्या तरुण लायब्निट्सला कायद्याची डॉक्टरेट दिली ती येथे, 1667 मध्ये. 1809 मध्ये हे विद्यापीठ बंद पडले. इमारत मात्र शाबूत आहे. अर्धा दिवस मोकळा असेल तर येथे अवश्य जावे.

यानंतरचा एक संपूर्ण दिवस बांबेर्गचा. 2 जानेवारी 1945 च्या बाँबहल्ल्यात न्यूरेंबर्गचे जुने शहर बहुतांशी जमीनदोस्त झाले. तेथे आज दिसणारे 'मध्ययुग' पुष्कळसे युद्धोत्तर काळात पुन्हा उभारलेले आहे. पश्चिमेकडील रोथेनबुर्ग, जेथे प्रवाशांची सर्वाधिक गर्दी होते, त्याचाही पूर्वेकडील भाग 31 मार्च 1945 रोजी जळाला व नंतर नव्याने बांधला गेला. उत्तरेस सुमारे 60 किलोमीटरांवरील बांबेर्ग मात्र बव्हंशी बचावले. सम्राट दुसरा हेन्री याने 1007 मध्ये स्थापिलेले तेथील धर्मपीठ, 1237 मध्ये अभिषिक्त झालेले आजचे कॅथीड्रल, त्यातील पोप दुसरा क्लेमेंट याची समाधी आणि दगडी अश्वारूढ मूर्ती ही सारी जागच्या जागी आहेत. परंतु या सुंदर गावाच्या पोटातही काळोख आहे. सतराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात येथे चेटकिणींच्या नावाखाली शेकडो स्त्री-पुरुषांना ठार मारण्यात आले. नगराध्यक्ष योहान्नेस युनियुस याने 1628 मध्ये तुरुंगातून छळाने मोडलेल्या हातांनी मुलीला लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. त्या दिवसांत बांबेर्गहून पळालेल्या काहींनी आसरा घेतला तो न्यूरेंबर्गच्या तटाआड! कोणतीही नगरी सदासर्वदा निर्दय नसते आणि कोणतीही सदैव दयाळू नसते, एवढे या दोन शेजारणींच्या हिशेबावरून ध्यानात येते.

अखेरची सहल सर्वांत अवघड. ईशान्येस चेक सीमेलगत, न्यूरेंबर्गपासून 100 किलोमीटरांच्या आसपास फ्लोसेनब्युर्ग हे खेडे आहे. तेथे टेकड्यांतून उत्तम ग्रॅनाइट निघतो. न्यूरेंबर्गच्या मैदानात 1933 ते 1938 या काळात दरवर्षी नाझी पक्षाचे प्रचंड मेळावे भरत. ज्यूंचे नागरिकत्व हिरावून घेणारे कायदे 15 सप्टेंबर 1935 रोजी याच नगरीत संमत झाले. अशा राजवटीच्या अवाढव्य इमारतींना दगड हवा होता. तो कैद्यांकडून फोडून घेण्यासाठी मे 1938 मध्ये फ्लोसेनब्युर्गची छळछावणी निघाली. तिच्या शाखांसह सुमारे 1,00,000 माणसे तेथे डांबली गेली आणि सुमारे 30,000 मरण पावली. धर्मवेत्ते डीट्रिख बोनहॉफर यांना 9 एप्रिल 1945 रोजी येथेच फाशी देण्यात आले. अहिंसक प्रतिकाराचा मार्ग शिकण्यासाठी गांधीजींच्या सहवासात राहण्याची त्यांची उत्कट इच्छा होती, आणि 1934 मध्ये गांधीजींनी त्यांना तसे निमंत्रणही धाडले होते. तो प्रवास घडला नाही. फाशीनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, 23 एप्रिल रोजी, अमेरिकन सैन्य छावणीत पोहोचले. वायडेनपर्यंत रेल्वेने व पुढे रस्त्याने असे येथे जावे लागते. या सहलीस दुसरे काही जोडू नये.

न्यूरेंबर्गचे न्यायमंदिर पाहावयाचे ते यानंतर, अगदी शेवटी. पहिल्याच दिवशी ते पाहणारे प्रवासी पुष्कळ असतात, आणि त्यांना लाकडी तावदानांचे एक दालन एवढेच दिसते. युद्धातून बचावलेली मोठी इमारत आणि तिला लागूनच असलेला तुरुंग, एवढ्या सोयीसाठी दोस्त राष्ट्रांनी ही जागा निवडली. 20 नोव्हेंबर 1945 पासून 1 ऑक्टोबर 1946 पर्यंत 600 क्रमांकाच्या दालनात नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला. आपण केवळ वरिष्ठांच्या आज्ञा पाळल्या, या सबबीने अपराध धुतला जात नाही, हे तत्त्व तेथे मान्य झाले. 2020 पर्यंत त्या दालनात नेहमीचे फौजदारी खटले चालत असत; आता ते संग्रहालयाचा भाग आहे. फ्यूर्तचे अनाथालय आणि फ्लोसेनब्युर्गची खाण पाहून आलेल्या माणसाला तेथील रिकामे आरोपींचे बाक निराळे दिसतात. ज्यांना वेशीबाहेर घालविले, त्यांच्या वतीने वेशीच्या आत प्रथमच कोणी जाब विचारला, तो येथे.