नकाशापासून आकड्यांकडे : संगणकसाहाय्यित उत्पादनाचा उगम

यंत्रविद्येत नकाशा हा अभियंता व कारागीर यांना जोडणारा दुवा होय. अभियंत्याने तो रेखावा व कारागिराने तो वाचून धातूस आकार द्यावा, ही रीत दीर्घकाळ चालत आली. नकाशात जे उतरत नसे, ते कारागिराचा हात व डोळा पुरे करीत. संगणकसाहाय्यित आरेखन व उत्पादन यांचा उगम शोधावयाचा, तर हा दुवा कोठे अपुरा पडला, हे प्रथम पाहावे लागते.

तो अपुरा पडला विमानविद्येत. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती तयार करीत. पात्याचा वक्र छेद मोजक्या बिंदूंवरून अंदाजाने जुळविला जाई. त्यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी छिद्रपत्रांवर चालणाऱ्या गणनयंत्रांच्या साहाय्याने त्या वक्रावरील पुष्कळ अधिक बिंदू काढले. मग एकाने आकडे वाचावे व दोघा कामगारांनी यंत्राची दोन चाके त्याबरहुकूम फिरवावी, अशी पद्धत निघाली. नकाशाची जागा आकड्यांनी घेतली, ती येथे.

१९४९ मध्ये अमेरिकी वायुदलाने या कल्पनेस द्रव्यसाहाय्य दिले आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेची सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळा या कार्यात आली. १९५२ मध्ये तेथे छिद्रित फितीच्या आज्ञेने तिन्ही अक्षांवर एकाच वेळी चालणारे मिलिंग यंत्र दाखविण्यात आले. तथापि अशी फीत सिद्ध करणे अत्यंत कष्टाचे होते. ते कष्ट हलके करण्यासाठी डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली ‘एपीटी’ ही आज्ञाभाषा घडविण्यात आली. १९५९ मध्ये ती जाहीर झाली. पुढे १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’द्वारे पडद्यावर प्रकाशलेखणीने आकृती काढून दाखविली. ही आकृती संगणकात आकड्यांच्याच रूपाने वसत असल्यामुळे तिच्यापासूनच यंत्राच्या आज्ञा निर्माण करण्याची वाट मोकळी झाली. आरेखन व उत्पादन यांचा संयोग झाला तो या वाटेने.

परंतु हीच एक वाट होती काय? १९४० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत एक निराळा प्रयोग झाला होता. निष्णात कारागिराने एक नग स्वतः घडवावा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर उतरवाव्या आणि यंत्राने त्यांची पुनरावृत्ती करावी, असे त्याचे स्वरूप होते. ही पद्धत मागे पडण्यात व्यवस्थापनाच्या नियंत्रणाकांक्षेचाही वाटा होता, असे प्रतिपादन इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ मध्ये ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात केले. हे मत सर्वांशी स्वीकारणे कठीण आहे. कारण विमानाच्या पंखाचा गुंतागुंतीचा वक्र हाताने प्रथम घडविणेच दुर्घट होते. तेथे गणिताला पर्याय नव्हता. साध्या भागांच्या बाबतीत मात्र ही अडचण नव्हती. तेथे आकड्यांची निवड केवळ तांत्रिक गरजेने झाली, असे म्हणता येत नाही.

फितीवर कारागिराचे कौशल्य उतरवावयाचे की अभियंत्याचे गणित, हा प्रश्न वस्तुतः कारखान्यातील ज्ञान कोणाच्या स्वाधीन असावे, याचा होता. या तंत्राचा इतिहास केवळ यंत्रांच्या सुधारणेचा इतिहास म्हणून वाचल्यास हा प्रश्न दृष्टीआड होतो.