ड्यूई पदक

फिलिपिन्समधील मॅनिला उपसागराच्या लढाईत (१ मे १८९८) लढलेल्या अमेरिकन आरमारातील अधिकारी व खलाशांना दिलेले ब्राँझचे स्मरणपदक. अधिकृत नाव मॅनिला उपसागर लढाई पदक. परंतु दर्शनी बाजूस सेनानी जॉर्ज ड्यूई यांची प्रतिमा असल्याने ‘ड्यूई पदक’ हेच नाव रूढ झाले.

अमेरिकेचे स्पेनशी युद्ध जुंपले तेव्हा कमोडोर ड्यूई यांचा आशियाई ताफा हाँगकाँगच्या परिसरात होता. २७ एप्रिलला तो निघाला, ३० एप्रिलच्या रात्री उपसागरात शिरला आणि पहाटे पावणेसहाच्या सुमारास त्याच्या तोफा धडाडू लागल्या. दुपारपर्यंत अॅडमिरल पात्रिसिओ मोन्तोखो यांच्या स्पॅनिश आरमाराचा निकाल लागला. शत्रूच्या माऱ्यात एकही अमेरिकन दगावला नाही.

या बातमीने अमेरिकेत इतका जल्लोष उसळला, की ३ जून १८९८ रोजी काँग्रेसने ठराव करून ड्यूईंना मानाची तलवार, तर अधिकारी-खलाशांना पदके मंजूर केली. खर्चाची तरतूद १०,००० डॉलर. पदकाचा आराखडा पुढे वॉशिंग्टनमधील लिंकन स्मारकाचा पुतळा घडवणारे शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच यांचा, घडणावळ न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीची. मागील बाजूस कमरेपर्यंत उघडा खलाशी तोफेवर बसलेला असून तोफेखालील पट्टीवर पदकधारकाच्या जहाजाचे नाव आहे. ‘ऑलिंपिया’, ‘बॉल्टिमोर’, ‘बोस्टन’, ‘रॅले’, ‘काँकॉर्ड’, ‘पेट्रेल’ आणि जकात खात्याकडून आलेले ‘मॅककलक’ ही ती जहाजे. कडेवर पदकधारकाचे नाव कोरलेले असते. फीत निळी-पिवळी, वर पंख पसरलेला गरुड.

नाइलच्या लढाईनंतर (१७९८) ब्रिटिश अॅडमिरल नेल्सनचे स्नेही अलेक्झांडर डेव्हिसन यांनी पदरमोड करून पदके वाटली, तेव्हा कप्तानांना सोन्याचे, तर साध्या खलाशांना ब्राँझचे पदक मिळाले होते. ड्यूई पदकात हा भेद नाही. भट्टीत कोळसा ओढणाऱ्याचे आणि कप्तानाचे पदक एकाच धातूचे, एकाच घडणीचे.  हे पदक खुद्द ड्यूईंनाही मिळाले; मात्र स्वतःचीच छबी छातीवर मिरवणे नको, म्हणून ते खलाशाची बाजू पुढे करून पदक लावत.

पदकावरील लेखात ही अमेरिकन जनतेची भेट असल्याचे म्हटले आहे. ज्यांच्या उपसागरात ही लढाई झाली त्या फिलिपिनो लोकांचा त्यात मागमूस नाही. डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहाने स्पेनने २ कोटी डॉलर घेऊन फिलिपिन्स अमेरिकेच्या हवाली केले आणि फेब्रुवारी १८९९ मध्ये फिलिपिनो सैन्य व अमेरिका यांच्यातच युद्ध पेटले.

याच युद्धात क्यूबाच्या आघाडीवर लढलेल्या अमेरिकन नौसैनिकांना असेच पदक मंजूर होण्यास १९०१ साल उजाडले. त्यावर तेथील ताफ्याचे प्रमुख अॅडमिरल विल्यम सॅम्पसन यांची प्रतिमा असून लोकांनी त्यालाही ‘सॅम्पसन पदक’ असेच नाव पाडले. ते मात्र एका लढाईपुरते नव्हते; फितीवरील स्वतंत्र पट्ट्यांवर वेगवेगळ्या चकमकी नोंदवलेल्या असत.