मेयोचा मॅनेजर कोण? आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमधला एक जुना वाद

विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात फुटबॉल कुठून आला, आणि तोही आयर्लंडचा? म्हणून सुरुवात आपल्या ओळखीच्या एका शब्दापासून करतो. लोकमान्यांच्या चतुःसूत्रीतला 'बहिष्कार' आठवा. इंग्रजीत त्याला 'बॉयकॉट' म्हणतात, आणि हे मुळात एका माणसाचं आडनाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या मेयो नावाच्या काउंटीत एका जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली तिथल्या कुळांनी त्याच्याशी सगळा व्यवहार तोडला. त्याच्या शेतावर कापणीला माणूस मिळेना. ती बातमी जगभर गेली आणि आडनावाचं क्रियापद झालं. म्हणजे मेयोचा एक शब्द आपल्या स्वदेशी चळवळीत येऊन बसलेला आहे.

आज त्याच मेयोबद्दल बोलायचं आहे. पण जमिनीच्या भांडणाबद्दल नाही. तिथली माणसं गेली कित्येक दशकं एका वेगळ्याच प्रश्नावर भांडतायत: आपल्या काउंटीचा संघ अखिल आयर्लंड अजिंक्यपद कधी जिंकणार, आणि त्यासाठी मॅनेजर कोण हवा.

आधी खेळ थोडक्यात सांगतो. गेलिक फुटबॉलमध्ये एका बाजूला १५ खेळाडू. चेंडू हातात घेता येतो, पायानं मारता येतो, मुठीनं पुढे देता येतो. गोलचे खांब इंग्रजी 'एच'सारखे. आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण. वरून गेला तर एक. (२०२५पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून वर मारला तर दोन मिळतात, पण आपली आजची गोष्ट त्याच्या आधीची आहे.) म्हणून गुणफलक '१-१५' असा लिहितात: एक गोल आणि वर पंधरा, एकूण अठरा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा खेळ चालवणारी संस्था म्हणजे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन. स्थापना १ नोव्हेंबर १८८४, थर्ल्स गावातल्या हेज हॉटेलात. संस्थेचे आश्रयदाते म्हणून तीन नावं होती: आर्चबिशप क्रोक, पार्नेल आणि मायकेल डेव्हिट. डेव्हिट हा जमीन चळवळीचा नेता, जन्मानं मेयोचाच. तेव्हा हा खेळ पहिल्यापासून राजकारणाच्या मांडीवर वाढला आहे. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ब्रिटिश दलांनी चालू सामन्यात गोळीबार केला, १४ माणसं मेली, त्यात टिपरेरी संघाचा मायकेल होगन हा खेळाडू होता. आज त्या मैदानाच्या एका स्टँडला त्याचं नाव आहे.

आता यातली गंमत बघा. 'काउंटी' हा विभाग आयरिश लोकांनी केलेला नाही, तो इंग्रजी कारभाराच्या सोयीसाठी आखलेला. पण या संघटनेनं स्पर्धा काउंटीवार घेतल्या आणि साहेबानं मारलेली रेघ लोकांच्या काळजात गेली. सुरुवातीला काउंटीतला विजेता क्लबच काउंटीच्या नावानं खेळायचा. १८९२पासून त्यात इतर क्लबांचे खेळाडू घ्यायला मुभा मिळाली आणि हळूहळू खऱ्या अर्थानं काउंटीचा संघ तयार झाला.

आणि हा संघ आजही हौशी आहे. खेळाडूला पगार नाही. कोणी शाळेत शिकवतो, कोणी पोलिसात, कोणी शेती करतो. संध्याकाळी गाडी हाणत सरावाला जातो. आयपीएलसारखा लिलाव नाही. ज्या काउंटीत तुम्ही वाढलात, जिथल्या क्लबकडून खेळलात, सहसा तिच्याकडूनच खेळायचं. डब्लिनची लोकसंख्या २०२२च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या वर, लीट्रिमची ३५ हजार. दोघांना एकाच कपासाठी एकाच मैदानावर उतरायचं आहे. लीट्रिमचा पाठीराखा काय करणार? चांगला फॉरवर्ड विकत आणता येत नाही. काउंटीची हद्द वाढवता येत नाही. बदलता येतो असा एकच माणूस उरतो, तो म्हणजे बाजूरेषेवर उभा असलेला मॅनेजर. सगळी आशा आणि सगळा राग तिथं जाऊन साठतो, याचं कारण मला तरी हेच दिसतं.

पण हा मॅनेजर पूर्वीपासून नव्हता, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. पूर्वी संघ निवडायची ती निवडसमिती. काउंटी बोर्डानं नेमलेली पाचसहा माणसं, प्रत्येकाचा आपला क्लब, आपला भाग. सराव करून घेणारा 'ट्रेनर' वेगळा. केरी काउंटीचे डॉ. इमन ओसलिव्हन हे किलार्नीच्या मनोरुग्णालयातले डॉक्टर. १९२४ ते १९६४ या काळात त्यांनी तयार केलेल्या संघांनी आठ अजिंक्यपदं मिळवली, १९५८ साली त्यांनी या खेळाच्या शास्त्रावर पुस्तकही लिहिलं. तरी आजच्या अर्थानं ते मॅनेजर नव्हते. हरल्यावर लोक शिव्या द्यायचे त्या समितीला. आणि समितीला शिव्या दिल्या की कुणालाच लागत नाहीत, हे आपल्यालाही माहीत आहे.

हे बदललं १९७३-७४ साली डब्लिनमध्ये. केव्हिन हेफरनन हा स्वतः मोठा खेळाडू, वीज मंडळात नोकरीला. १९७३च्या शरदात त्याच्याकडे संघ आला. डब्लिन तेव्हा दहा वर्षं कोरडं होतं आणि शहरात कुणाला त्याचं फारसं काही वाटतही नव्हतं. हेफरननच्या जोडीला फक्त दोन निवडक, दोघंही त्याच्या विचाराचे. त्यानं कसून तंदुरुस्तीवर भर दिला, निवृत्त झालेल्या जिमी कीव्हनीला परत आणलं आणि १९७४ साली गॉलवेला हरवून अजिंक्यपद घेतलं. स्टेडियमच्या 'हिल १६' या उभ्या प्रेक्षकांच्या बाजूवर निळ्या कपड्यांतली पोरं स्वतःला हेफरननची फौज म्हणवून घ्यायला लागली. संघाची नव्हे, मॅनेजरची फौज! इथं काहीतरी नवीन घडलं होतं.

दुसऱ्याच वर्षी केरीनं मिक ओड्वायरला नेमलं. वॉटरव्हिल गावात गॅरेज आणि हॉटेल चालवणारा माणूस. १९७५ ते १९८६ या काळात त्यानं आठ अजिंक्यपदं जिंकली. त्यातली चार लागोपाठची, १९७८ ते १९८१. पाचवं १९८२ साली अगदी हातात आलं होतं. शेवटच्या मिनिटांत ऑफलीच्या शेमस डार्बीनं गोल मारला. ऑफली १-१५, केरी ०-१७. एका गुणानं. आता ऑफलीचा मॅनेजर कोण होता? यूजीन मॅगी, पत्रकार, आणि लाँगफर्ड काउंटीचा. म्हणजे बाहेरचा.

झालं! त्या दिवसापासून प्रत्येक लहान काउंटीच्या बोर्डाला वाटायला लागलं, की खेळाडू बाहेरून आणता येत नाही, पण मॅनेजर तर आणता येतो. ओड्वायर स्वतः पुढे किल्डेअरला गेला आणि १९९८ साली त्यांना ४२ वर्षांनी लेन्स्टर प्रांताचं विजेतेपद मिळवून दिलं; मग लीशला गेला, तिथं २००३ साली तेच, १९४६नंतर पहिल्यांदा. यातून पैशांची कुजबुजही सुरू झाली. हौशी खेळात मॅनेजरला मात्र 'प्रवासखर्चाच्या' नावाखाली काही मिळतं का, हा प्रश्न इतका वाढला की २०१२ साली संघटनेच्या महासंचालकांना त्यावर चर्चेसाठी टिपण काढावं लागलं. माझं मत विचाराल तर फुकट खेळणाऱ्या पोरांपुढे पैसे घेणारा माणूस उभा करणं हे त्या खेळातलं सगळ्यात अवघड जागचं दुखणं आहे. पण पाठीराख्यांच्या वादात ते फार वेळ टिकत नाही. जिंकला तर कोण विचारतो?

आता मेयोकडे येऊ.

मेयोनं अजिंक्यपद जिंकलं १९३६, १९५० आणि १९५१ साली. त्यानंतर नाही. एवढंच असतं तर लोक विसरले असते. जिंकत नसलेल्या काउंट्या पुष्कळ आहेत. मेयोचं दुःख असं, की ते अंतिम सामन्यापर्यंत पोचतात. १९८९, १९९६, १९९७, २००४, २००६, २०१२, २०१३, २०१६, २०१७, २०२०, २०२१. अकरा वेळा अंतिम फेरी, अकरा वेळा पराभव. त्यातल्या १९९६ आणि २०१६ला तर सामना बरोबरीत सुटून पुन्हा खेळवला गेला आणि पुन्हा खेळवलेला हरले.

या काउंटीची लोकसंख्या १८४१ साली ३ लाख ८८ हजार होती. दुष्काळ आला, माणसं मेली, उरलेली बोटीत बसली. २०२२ साली १ लाख ३८ हजार. म्हणजे मेयोची जितकी माणसं मेयोत, त्याहून जास्त बाहेर, इंग्लंडमध्ये, अमेरिकेत. बाहेर गेलेल्याला गाव सोडून अनेक वर्षं झालेली असतात, जमीन विकलेली असते. उरतो हिरवा-लाल संघ. त्यामुळे तिथल्या गुत्त्यात गोलकीपर कोण असावा यावर आवाज चढतो, तेव्हा बाहेरच्याला ते हास्यास्पद वाटतं. मला वाटत नाही.

अशा ठिकाणी शापाची कथा तयार व्हायचीच. १९५१चा विजयी संघ परत येताना फॉक्सफर्ड गावात एका अंत्ययात्रेजवळून जल्लोष करत गेला, आणि धर्मगुरूनं शाप दिला, की या संघातला शेवटचा माणूस जिवंत असेतो मेयो जिंकणार नाही. पुरावा काही नाही. शिवाय मेयोच्या महिलांनी १९९९, २०००, २००२, २००३ अशी चार अजिंक्यपदं जिंकली. शापाला त्या दिसल्या नसाव्यात. पण कथेचा उपयोग बघा: शाप आहे म्हटलं की मॅनेजरची सुटका होते. ज्या वर्षी लोक मॅनेजरवर चिडतात, त्या वर्षी शापाचं नाव कुणी काढत नाही.

२०१६चं उदाहरण घ्या. पहिल्या अंतिम सामन्यात मेयोनं स्वतःच्याच जाळ्यात दोन गोल घालून घेतले, तरी डब्लिनसारख्या संघाला बरोबरीत रोखलं. दुसऱ्या सामन्याआधी मॅनेजर स्टीफन रॉचफर्डनं गोलकीपर बदलला. डेव्हिड क्लार्कला बसवलं, रॉबी हेनेलीला आणलं. कारण खुळचट नव्हतं. डब्लिन मेयोच्या किकआउटवर, म्हणजे गोलकीपर चेंडू पुन्हा खेळात आणतो त्यावर, दबाव टाकत होतं आणि हेनेलीची किक लांब जायची. पण सामन्यात हेनेलीच्या हातून चेंडू निसटला, पेनल्टी गेली, त्याला ब्लॅक कार्ड मिळालं, क्लार्कला मैदानात यावं लागलं आणि डब्लिननं पेनल्टीवर गोल केला. डब्लिन १-१५, मेयो १-१४. एका गुणानं.

तुम्ही तिथं असता तर काय म्हटलं असतं? एक पक्ष म्हणतो, जिंकता जिंकता ज्यानं गोलकीपर बदलला त्याला कशाला ठेवायचं. दुसरा म्हणतो, त्याच माणसानं पहिल्याच वर्षात इथवर आणलं, आणि चेंडू त्याच्या हातून सुटलेला नाही. रॉचफर्ड राहिला. २०१७ साली पुन्हा अंतिम सामना, पुन्हा डब्लिन, १-१७ विरुद्ध १-१६. पुन्हा एका गुणानं. या वेळी गोलकीपर क्लार्कच होता.

यात आणखी एक धागा आहे. २०१५ साली मेयोला दोन जोडमॅनेजर होते. उपांत्य फेरीत डब्लिनकडून हरल्यावर खेळाडूंनीच त्यांच्यावर अविश्वासाचं मतदान केलं आणि ते पायउतार झाले. काउंटीत मोठी उलथापालथ. जुने लोक म्हणाले, पोरं डोक्यावर बसली. पण विचार करा: पगार नाही, दिवसभराच्या नोकरीनंतर सराव, पंचविशीतली वर्षं दिलेली. बोर्डाला मत आहे, पाठीराख्याला मत आहे, मग ज्याचे गुडघे जातात त्याला का नको? १८८० साली शेतावर न गेलेल्या कुळांची आठवण मला इथं होते. कुणाला ओढूनताणून वाटेल, पण आपण कामावर गेलो नाही तर वरच्याचं चालत नाही, हे त्या मातीला ठाऊक आहे.

आणि समोरचं डब्लिन? २०१५ ते २०२० सलग सहा अजिंक्यपदं, पाच जिम गॅव्हिनच्या हाताखाली, सहावं डेसी फॅरलच्या. गॅव्हिन हुशार होता यात शंका नाही. पण डब्लिनला मुलांच्या प्रशिक्षणासाठी मध्यवर्ती निधीतला फार मोठा वाटा वर्षानुवर्षं मिळत होता. दर गावाच्या गुत्त्यात मॅनेजरवर होणारा वाद त्या अनुदानावर झाला असता तर पश्चिमेकडच्या काउंट्यांचं जास्त भलं झालं असतं, असं मला वाटतं.

२०२१ साली मेयोनं उपांत्य फेरीत त्याच डब्लिनला जादा वेळेत हरवलं. लोकांना वाटलं, आता झालं. ११ सप्टेंबरला अंतिम सामन्यात टायरोनकडून हरले. त्यानंतर दोन आठवड्यांनी १९५१च्या संघातले शेवटचे हयात खेळाडू पॅडी प्रेंडरगास्ट वारले. आता शापही उरला नाही.

*(श्रोत्यांतून प्रश्न: म्हणजे मॅनेजरमुळे काही फरक पडत नाही, असं तुमचं म्हणणं आहे का?)*

नाही, नाही, तसं नाही. चांगलं विचारलंत. जॉन ओमाहनीचं उदाहरण देतो, ते मघाशी राहून गेलं. मेयोचा माणूस, शिक्षक. १९८९ साली त्यानं मेयोला ३८ वर्षांनी अंतिम सामन्यात नेलं. नंतर तो लीट्रिमला गेला, तीच ती ३५ हजारांची काउंटी. १९९४ साली लीट्रिमनं कॉनॉट प्रांताचं विजेतेपद जिंकलं, १९२७नंतर पहिल्यांदा. आणि अंतिम सामन्यात हरवलं कुणाला? मेयोला! १९२७चा कर्णधार टॉम गॅनन तेव्हा हयात होता, त्यानं नव्या कर्णधाराबरोबर करंडक धरला. पुढे ओमाहनी मेयोच्या जुन्या वैऱ्याकडे, गॉलवेकडे गेला. १९९८ साली पहिल्याच फेरीत मेयोला मेयोच्याच मैदानावर हरवून त्यानं गॉलवेला अजिंक्यपद दिलं, २००१ला पुन्हा एकदा. आता तुम्ही मेयोचे असाल तर या माणसाला परत आणणार की नाही? त्यांनी आणलं, २००७ साली. तोच माणूस, तीच बुद्धी, वर अनुभव. २००९ला प्रांताचं विजेतेपद मिळालं, आणि २०१० साली लाँगफर्डसारख्या लहान संघाकडून हरल्यावर तो बाजूला झाला. आता यात फरक मॅनेजरनं पडला की नाही, यावर मेयोत आजही दोन्ही बाजूंनी बोलणारे भेटतील, आणि दोघांकडे आकडे तयार असतील.