अभावणीपासून संभाव्यतेकडे

मराठीत अंदाजवाचक शब्दांची वाण नाही. अदमास, अटकळ, आडाखा, ठोकताळा, होरा, भाकीत, अनुमान हे सारे शब्द वरवर एकाच अर्थाचे वाटले, तरी त्यांचे व्यवहार निराळे आहेत. होरा ज्योतिष्याचा, आडाखा अनुभवी माणसाचा, अनुमान नैयायिकाचे. खुद्द ‘अंदाज’ हा शब्द फार्सीतून आला. ‘तीरंदाज’ व ‘गोलंदाज’ ह्या शब्दांत जो फेकण्याचा अर्थ आहे, तोच त्याच्या मुळाशी आहे. अंदाज करणे म्हणजे अज्ञात लक्ष्यावर काही फेकणे. ह्या शब्दांचे एक समान लक्षण असे, की अंदाजाबरोबर अंदाज करणारा मनुष्यही त्यांत गृहीत असतो. अंदाजाचे मोल त्याच्या अधिकारावरून ठरते. शाळेतील मुलाला आज ‘संभाव्यता’ ह्या नावाने जे शिकविले जाते, त्याचे वेगळेपण नेमके येथे आहे. तेथे अंदाजाचे मोल करणाऱ्याच्या अधिकारावर अवलंबून नसून रीतीवर अवलंबून असते. हा पालट कसा घडून आला, हे पाहण्यास कोकणातील भातशेतीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

रत्नागिरीच्या दक्षिणेस, पावसच्या पलीकडे, मुचकुंदी नदीच्या मुखाशी पूर्णगड हे गाव व त्याच नावाचा लहानसा किल्ला आहे. १८१८ मध्ये हा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि त्याबरोबर भोवतालच्या मुलखाचा महसूलही नव्या सत्तेच्या हिशेबात आला. ह्या जिल्ह्यातील बहुसंख्य गावांत खोती पद्धत होती. सरकार आणि कुळ ह्यांच्यामध्ये खोत उभा असे. तो सरकारचा धारा भरी व कुळांकडून पिकाचा वाटा घेई. भाताच्या जमिनीत हा वाटा बहुधा निम्मा असे, म्हणून त्याला ‘अर्धेली’ म्हणत. परंतु वाटा घ्यावयाचा तर पीक किती आले, हे आधी ठरावयास हवे. ह्यासाठी पीक तयार होण्याच्या सुमारास, कापणीपूर्वी, खोताकडून उभ्या पिकाची पाहणी होई आणि खाचरात किती धान्य निघेल हे नजरेने ठरविले जाई. ह्या रीतीचे नाव ‘अभावणी’.

अभावणी हे शब्दशः भाकीत होते. जे धान्य अद्याप लोंबीत आहे, त्याचा आकडा आज ठरत होता. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परतीच्या सरींनी तयार भात आडवे केले तर पाहणीच्या दिवशीचे पीक आणि खळ्यावरचे पीक ह्यांत पुष्कळ अंतर पडे. जुन्या अनुभवी माणसाची नजर पुष्कळदा अचूक असे, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि अभावणीचा खरा दोष नजरेच्या कमकुवतपणात नव्हता. ज्याला वाटा मिळावयाचा, तोच आकडा सांगणारा होता, आणि त्याच्या आकड्याची चूक मोजण्याचे कोणतेही साधन कुळाच्या हाती नव्हते. अंदाज चढा लागला तर कुळाच्या निम्म्या वाट्यातून तितके धान्य उणे होई. १८८० चा खोती कायदा, चरी येथील शेतकऱ्यांचा १९३३ पासून सुमारे सहा वर्षे चाललेला संप, १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडलेले खोतीनिर्मूलनाचे विधेयक आणि अखेरीस १९४९ चा खोती रद्द करणारा कायदा, असा हा दीर्घ इतिहास आहे. त्यात जमिनीच्या हक्काचा प्रश्न प्रधान होता हे उघड आहे. परंतु पिकाचा आकडा कोणी सांगावयाचा, हा प्रश्नही त्या हक्काच्या पोटातच होता.

खोतीच्या बाहेर, रयतवारी मुलखात, हाच प्रश्न ‘आणेवारी’च्या रूपाने उभा राहिला. सर्वसाधारण चांगले पीक सोळा आणे धरावयाचे आणि यंदाचे पीक त्या मानाने किती आणे आहे हे ठरवावयाचे, अशी ती रीत. १९१८ च्या खेडा सत्याग्रहाचा वाद ह्याच आकड्यावर होता. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असल्यास त्या वर्षाची सारावसुली तहकूब व्हावी, असा नियम होता. शेतकरी म्हणत की पीक चार आण्यांच्या आत आहे, आणि सरकारी आकडे म्हणत की ते चार आण्यांच्या वर आहे. दोन्ही पक्ष त्याच शेतांकडे पाहत होते. एका आण्याच्या फरकावर हजारो कुटुंबांचा सारा अवलंबून असताना दोन नजरांमधील वाद मिटविणारा तिसरा पंच कोठेच नव्हता.

भाषेच्या दृष्टीने येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शून्य ते सोळा आणे ही केवळ नाण्यांची मोजणी राहिली नव्हती. ती पूर्णतेच्या अंशांची मोजपट्टी झाली होती. ‘सोळा आणे खरे’ म्हणजे पूर्णांशाने खरे. विसांत मोजण्याची अशीच दुसरी पट्टी ‘विसवा’ ह्या शब्दात होती, आणि ‘अठराविश्वे दारिद्र्य’ म्हणजे विसांपैकी अठरा अंश दारिद्र्य, असा त्या प्रयोगाचा अर्थ लावला जातो. गणितात अशक्य घटनेची संभाव्यता ० व निश्चित घटनेची १ मानतात आणि बाकीच्या घटना त्यांच्या दरम्यान बसवितात. ही कल्पना मराठी बोलणाऱ्याला परकी वाटण्याचे कारण नाही. ० ते १ ही पट्टी त्याच्या बोलण्यात आण्यांच्या आणि विसव्यांच्या रूपाने आधीच नांदत होती. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि पुढे आणेवारीची ‘पैसेवारी’ झाली. पन्नास पैशांहून कमी पैसेवारी ही टंचाईची खूण ठरली. अर्थात पट्टी शतमान झाली. मोजावयाचे कसे, हा प्रश्न शिल्लक राहिला.

एका भागावरून संपूर्णाचा अंदाज करण्याची कल्पनाही भारतात जुनी आहे. महाभारतातील नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाकडे पाहतो आणि त्याच्या दोन फांद्यांवरील पानांची व २०९५ फळांची संख्या सांगतो. नल रथ थांबवून झाड तोडतो, मोजतो, आणि संख्या तंतोतंत जुळते. बेहड्याच्या फळांचेच फासे करीत असत, आणि ऋतुपर्ण नलाला जी विद्या देतो तिचे नाव ‘अक्षहृदय’; म्हणजे द्यूत आणि गणनेचा अंदाज ह्यांचा संबंध कथाकाराला ठाऊक होता. संभाव्यतेच्या उगमाचा इतिहास लिहिताना इअन हॅकिंग ह्यांनी १९७५ मध्ये ह्या कथेची दखल घेतली ती ह्यामुळेच. परंतु कथेतील अंदाज तंतोतंत उतरतो, आणि ह्यातच तिची मर्यादा आहे. ऋतुपर्णाची विद्या हे सिद्धपुरुषाचे सामर्थ्य आहे. आपल्या आकड्यात किती चूक संभवते, हे तो सांगत नाही. तसे सांगावे लागणे हे त्याच्या दृष्टीने विद्येचे न्यूनच ठरले असते.

चुकीचे मोजमाप अंदाजाबरोबरच सांगण्याची रीत युरोपात सतराव्या शतकानंतर हळूहळू बांधली गेली. १६५४ मध्ये पास्काल व फेर्मा ह्यांच्यात जुगाराच्या डावावरून पत्रव्यवहार झाला. १७१३ मध्ये याकोब बेर्नुली ह्यांचा ग्रंथ निघाला आणि प्रयोगांची संख्या वाढविली म्हणजे निरीक्षित प्रमाण खऱ्या प्रमाणाजवळ राहण्याची खात्री वाढत जाते, हे त्यात सिद्ध झाले. फाशांच्या ह्या गणिताला शेताच्या बांधावर येण्यास मात्र दोन शतकांहून अधिक काळ लागला. १९२३ ते १९२५ ह्या काळात जॉन हबॅक ह्यांनी बिहार-ओरिसा प्रांतात भाताच्या उत्पन्नाचा अंदाज घेताना नजरेवर विसंबण्याऐवजी लहान तुकडे दैवगतीने निवडून त्यांतील भात कापून मोजले. १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन झाल्यावर प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांनी बंगालमधील तागाच्या क्षेत्राची मोठी नमुना-पाहणी हाती घेतली. ह्या कार्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे १९४० पासून कृषी संशोधन परिषदेत होते. त्यांनी व वि. गो. पानसे ह्यांनी गहू, भात इत्यादी पिकांच्या कापणी-प्रयोगांची पद्धत देशभर रूढ केली. सुखात्मे ह्यांचा नमुनानिवडीवरील ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला.

ह्या पद्धतीचा गाभा साधा आहे. आधी गावे चिठ्ठ्यांप्रमाणे निवडावयाची, मग गावातील शेते, आणि शेवटी शेतातील तुकडा. शेताच्या एका कोपऱ्यापासून लांबीकडे किती पावले आणि रुंदीकडे किती पावले जावयाचे, हेही यदृच्छ अंकांच्या कोष्टकावरून ठरवावयाचे. तेथे दोर लावून तुकडा आखावयाचा, कापावयाचा, झोडावयाचा आणि वजन करावयाचे. खोत, तलाठी, कुळ किंवा अधिकारी ह्यांपैकी कोणाचीही पसंती ह्यात शिरू नये, हा सारा खटाटोपाचा हेतू. पसंती किती सूक्ष्म वाटेने शिरते, हे सुखात्मे ह्यांनीच १९४६ मध्ये दाखवून दिले. फार लहान तुकडे कापले तर उत्पन्नाचा अंदाज चढा येतो, असे त्यांना आढळले. कारण हद्दीच्या दोरावर आलेले रोप आत धरावयाचे की बाहेर, असा प्रश्न पडला म्हणजे कापणाऱ्याचा हात त्याला आत घेण्याकडे झुकतो. तुकडा जितका लहान, तितका क्षेत्राच्या मानाने परीघ मोठा, आणि तितका हा झुकाव अधिक. अभावणीतील पक्षपात हितसंबंधातून येत होता. येथे कोणाचेही हित गुंतलेले नसताना तो उरला होता.

नेमके ह्याच ठिकाणी मराठी पाठ्यपुस्तकाची परिभाषा विद्यार्थ्याला अडविते. ‘यादृच्छिक’ हा शब्द ‘यदृच्छा’ ह्यापासून झाला. श्वेताश्वतरोपनिषदात जगाच्या कारणांचा ऊहापोह करताना काल, स्वभाव, नियती ह्यांच्या जोडीला यदृच्छेचा उल्लेख येतो. तेथे तिचा अर्थ आकस्मिकता. परंतु संस्कृतातच तिला ‘स्वैरपणा’ हा दुसरा अर्थ आहे, आणि मराठी कानाला तर तीत ‘इच्छा’ हाच शब्द ऐकू येतो, जरी व्युत्पत्तीने तेथे ‘ऋच्छा’ आहे. परिणामी ‘यादृच्छिक निवड करा’ असे सांगितले, की मुलगा ‘मनाला येईल ते उचला’ असे समजतो. आणि मनाला येईल ते उचलणे म्हणजे तर अभावणीच! गणितातील यदृच्छा ही इच्छेची उलट बाजू आहे. तीत निवडणाऱ्याने आपली इच्छा चिठ्ठीच्या, फाशाच्या किंवा कोष्टकाच्या स्वाधीन करावयाची असते.

शालेय गणितात हा विषय उशिरा आला. २००५ च्या राष्ट्रीय आराखड्यानंतर निघालेल्या केंद्रीय पाठ्यपुस्तकांत सातवी-आठवीच्या मुलांना नाणी व फासे ह्यांच्या आधारे संधीची ओळख करून देण्यात आली. महाराष्ट्रात २०१८ साली लागू झालेल्या दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागात ‘संभाव्यता’ हे स्वतंत्र प्रकरण आले. नाणे व फासा ही उदाहरणे सोपी खरी, पण त्यांत भाकिताची कसोटी लागत नाही. नाण्याच्या दोन बाजू समसंभाव्य आहेत हे आधीच मान्य केलेले असते. विद्यार्थ्याने फक्त भागाकार करावयाचा असतो. अज्ञात प्रमाणाचा नमुन्यावरून अंदाज करणे आणि तो किती डळमळतो हे पाहणे, ह्या दोन क्रिया वेगळ्या आहेत.

पूर्णगडच्या परिसरातील सातवीच्या वर्गाला त्यासाठी दूर जावे लागणार नाही. समजा, एका गावात २०० खाचरे आहेत आणि त्यांतील किती खाचरांत भात आडवे झाले, हे सांगावयाचे आहे. मुलांनी खाचरांना क्रमांक देऊन २० चिठ्ठ्या काढल्या आणि त्यांपैकी ६ खाचरांत भात आडवे आढळले, तर भाकीत ६० खाचरांचे. जुन्या भाषेत पाच आण्यांच्या किंचित आत. दुसऱ्या गटाने पुन्हा २० चिठ्ठ्या काढल्या तर ५ किंवा ८ निघतील, आणि भाकीत ५० किंवा ८० होईल. ह्याला चूक म्हणावयाचे नाही. खरी संख्या ६० असताना अशा दर पाच नमुन्यांपैकी सुमारे चार नमुन्यांत आकडा ४ ते ८ च्या दरम्यान पडेल. २० ऐवजी ८० खाचरे घेतली तर प्रमाणातील ही डळमळ निम्म्याहून कमी होते. मग एका गटाने चिठ्ठ्या न काढता रस्त्याकाठची २० खाचरे पाहावी. तो आकडा वेगळा निघाला, तर अधिक खाचरे पाहून तो सुधारत नाही. रस्त्याकाठची शंभर खाचरे पाहिली तरी ती रस्त्याकाठचीच राहतात. ह्या दोन प्रकारच्या चुकांमधील भेद मुलाला समजला, म्हणजे संभाव्यतेचा अर्धा विषय समजला.

२०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत शेतकऱ्याची भरपाई ठरविताना पीक कापणी प्रयोगांचा आधार घेण्यात आला. म्हणजे ज्या घरात एकेकाळी अभावणीच्या आकड्याची वाट पाहिली जात असे, त्या घरात पुढे कापणी-प्रयोगाच्या आकड्याची वाट पाहिली जाऊ लागली. आकडा सांगणारा बदलला, रीत बदलली. तो आकडा तपासून पाहण्याचे सामर्थ्य मात्र कायद्याने मिळत नाही, ते शिक्षणानेच मिळते. तुकडा कोणी निवडला, कशावरून निवडला, किती तुकडे कापले आणि उत्तर किती डळमळीत आहे, हे चार प्रश्न ज्याला विचारता येतात तो अंदाजाच्या अधीन राहत नाही. कुळाला हे प्रश्न विचारता आले नाहीत. त्याच्या पणतवंडाला सातवीच्या वर्गात ते विचारता यावेत, एवढे कार्य ह्या प्रकरणाने साधले तरी अभ्यासक्रमातील त्याचे स्थान सोळा आणे सार्थ ठरेल.