जुहूची टपालपेटी आणि पीआयडी १

मंडळी, लिनक्स सर्व्हर सुरू होताना पडद्यावरून हिरवे 'ओके' सरसर वर जातात ना, त्यामागची गोष्ट सांगतो. सुरुवात मात्र आपल्या अंधेरीशेजारच्या जुहूपासून.

१९८५ साली जुहूला एनसीएसटी ही सरकारी संस्था निघाली. (पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली.) ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अर्नेटवरच्या आयआयटी वगैरेंची ईमेल इथूनच परदेशी जायची. कायमची लाइन नव्हती, फोनवरून मोडेम जोडायचा. तेव्हा युनिक्सची यूयूसीपी ही सोय कामी आली. पत्र आलं की रांगेत ठेवायचं, लाइन लागली की पुढे धाडायचं. पाठवणारा खोळंबत नसे.

असे पडद्यामागे राबणारे प्रोग्राम म्हणजे डीमन. त्यांना उठवतो इनिट. कर्नल सगळ्यात आधी त्याला सुरू करतो, म्हणून त्याचा नंबर पीआयडी १. सिस्टिम फाइव्ह पद्धतीत प्रत्येक सेवेची एक शेल स्क्रिप्ट, नावात एस१०, एस८० असे आकडे, आणि त्या क्रमाने एकामागून एक उठणं. एक अडकली की मागच्या सगळ्या ताटकळत! सर्व्हर महिनोन्‌महिने बंदच होत नसत, त्यामुळे कोणाला फिकीर नव्हती. लॅपटॉप आले आणि रोजचं थांबणं खुपायला लागलं.

मग २००५ साली ॲपलच्या लाँचडीने, आणि २०१० साली लेनार्ट पॉटरिंग व के सीवर्स यांच्या सिस्टिमडीने शक्कल लढवली. सेवा उठायच्या आधीच तिचं सॉकेट उघडून ठेवायचं. कोणी काही मागितलं तर ते कर्नलच्या बफरमध्ये थांबतं, सेवा उठली की उत्तर देते. त्यामुळे सगळ्यांना एकदम उठवता येतं. ही कल्पना जुहूवरून उचलली असं नाही, पण तत्त्व तेच. पेटी आधी टांगा, पोस्टमन मागाहून येऊ दे!

पण राव, पेटी ज्याच्या हातात, कारभार त्याच्या हातात. सॉकेट, लॉग, लॉगिन सगळं सिस्टिमडीकडे जायला लागलं तसे बरेच जुने ॲडमिन खवळले. शेल स्क्रिप्ट निदान उघडून वाचता यायची. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी आलं. नाराज मंडळींनी त्याच वर्षी डेव्हुआन नावाची वेगळी चूल मांडली.

मला वेगही पटतो आणि तक्रारही. आपल्या मशीनवर कोण कोणासाठी थांबलंय हे आपल्याला कळलंच पाहिजे. सोमवारी ऑफिसात 'सिस्टिमडी-ॲनालाइझ क्रिटिकल-चेन' ही कमांड चालवून बघा. रांग तिथे दिसते.