मावशीच्या खानावळीत एक जागा रिकामी आहे

डोळे मिटा. मोबाइल टेबलावरच राहू द्या, तिकडे रेंज नाही. त्यातलं दोन डोसांचं प्रमाणपत्रही राहू द्या, जिथे चाललोय तिथे ते कुणी ओळखणार नाही. हं, चला.

आता एक मोठा श्वास घ्या.

ठसका लागला ना? तो कार्बोलिकचा. गटारात, जिन्यावर, मोरीत, जिथे म्हणून ओतता येईल तिथे ओतलंय. त्याच्यावर गंधकाचा धूर, त्याच्यावर ओल्या चुन्याचा दर्प. आणि या सगळ्यांच्या खालून, कितीही ओतलं तरी न दबणारा एक गोडसर, कुजका वास जिन्याखालून येतोय. तिकडे वाकून पाहू नका. उंदीर आहे. कालपासून तिसरा.

उघडा डोळे. 1898 चा फेब्रुवारी, मुंबई, लालबागच्या बाजूची एक चाळ. दुपार कलतेय. समोरच्या भिंतीवर काळ्या रंगात तीन इंग्रजी अक्षरं रंगवलीत: यू. एच. एच. म्हणजे ही खोली माणसाने राहायच्या लायकीची नाही. राहणारी माणसं होती, ती गेली. काही कोकणात, काही कॅम्पात, काही तिरडीवरून. वर पाहिलंत तर छपराची कौलं काढलेली दिसतील. सरकारला वाटतं ऊन आत आलं की रोग बाहेर जाईल. ऊन आलंय खरं, तुमच्या टाळूवर.

घोट्याला काहीतरी चावलं? खाजवा आणि विसरून जा. सगळे तेच करतात. पुढे सांगतो.

गिरणीचा भोंगा वाजतो आणि रस्ता माणसांनी भरतो. केसांत कापसाचे पुंजके, अंगाला तेलाचा आणि घामाचा वास. पण नीट पाहा, गर्दी विरळ आहे. जवळून जाणारा प्रत्येक जण दुसऱ्याच्या अंगाला अंग लागू नये म्हणून खांदा चोरून चालतोय. कुणाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी. कुणी खोकला की भोवती रिंगण मोकळं होतं. हे रिंगण तुमच्या ओळखीचं आहे. तुम्हीही किराण्याच्या दुकानापुढे चुन्याच्या गोलात उभे राहिला होतात.

भूक लागली असेल. पहिल्या मजल्यावर चला, मावशीची खानावळ आहे. जिन्याच्या कठड्याला हात लावू नका, सफेती अजून ओली आहे.

आत धूर, चुलीवर भाकरी फुगतेय, तव्यावर सुकट तडतडतेय, आणि त्या वासापुढे कार्बोलिक पहिल्यांदाच हरतं. पंगतीला एरवी वीस पाट लागतात, आज नऊ. मावशीने मात्र जुन्या सवयीने वीसच मांडलेत. एका पाटापुढे ती क्षणभर थांबते, मग तुम्हाला म्हणते, "बस रे, इथे. रिकामाच आहे." तो पाट कुणाचा, हे विचारू नका.

मावशी पन्नाशीची. तोंडावर देवीचे वण, हातावर कोपरापर्यंत गोंदण. पुढ्यात कालवण पडतं आणि वाद सुरू होतो. तो आज सुरू झालेला नाही. गेले महिनाभर तो रोज याच वेळेला, याच पंगतीत चालतो, कारण कोपऱ्यावर मांडव पडलाय आणि मांडवात प्लेगची लस टोचतायत.

"काही होत नाही हो!" हे शाळेतले मास्तर. ते पंगतीच्या टोकाला बसतात, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. "मुंगी चावल्यासारखं वाटतं, बस्स."

"मग तुम्ही टोचलं का?" साचेखात्यातला एक जण विचारतो.

मास्तर भाकरीचा तुकडा मोडतात. "पुढच्या आठवड्यात."

पंगत खदखदून हसते. मास्तर चिडून कागद उलगडतात. दमणचे आकडे. पोर्तुगिजांच्या दमणात गेल्या साली साथ पेटली तेव्हा 2197 माणसांनी टोचून घेतलं, त्यांतली 36 दगावली. न टोचलेली 6033, त्यांतली 1482 गेली. तुम्ही मनात भागाकार करता: इकडे साठात एक, तिकडे चारात एक. मास्तर ते मोठ्याने वाचतात आणि वर पाहतात, आता काय बोलाल म्हणून.

साचेवाला बोट चाटतो. "टोचून घेणारे कोण होते? हवेशीर घरातले, पोटभर जेवणारे असतील. तसल्यांना रोग कमीच धरतो. त्यात टोचणीचा काय पाड?"

पाहिलंत? शाळा न पाहिलेल्या माणसाने आकडेशास्त्राच्या मुळावर बोट ठेवलं. आणि तुम्हाला उत्तर माहीत आहे! याच महिन्यात, बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावात, ही लस बनवणारा हाफकिन घराघराचा हिशोब करून प्रत्येक कुटुंबातल्या साधारण अर्ध्या माणसांना टोचून आलाय. तेच घर, तीच चूल, तेच उंदीर. दीड महिन्याने निकाल येईल: साथ शिरलेल्या घरांत टोचलेल्या 71 जणांतले तिघे गेले, न टोचलेल्या 64 जणांतले 26. पण तो निकाल अजून घडायचाय. जीभ चावा आणि कालवण ओरपा.

"आणि तुरुंगातलं?" मास्तर सोडत नाहीत. "भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा निम्म्या कैद्यांनी टोचून घेतलं. न टोचलेल्यांत बारा जणांना गाठ, सहा मेले. टोचलेल्यांत दोघांना गाठ, मेला एकही नाही."

"म्हणजे दोघांना झालाच की!"

"झाला, पण मेले नाहीत."

"मग ती लस कसली? टोचल्यावर व्हायलाच नको."

तुम्हाला हसू येतं. हेच वाक्य तुम्ही सोसायटीच्या गच्चीवर ऐकलंय, तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढलेल्या काकांकडून.

आता मावशी पळी खाली ठेवते. ती बोलायला लागली की पंगत गप्प होते. "त्यात घालतात काय, ते सांगा. कुणी गाय म्हणतं, कुणी डुक्कर."

हे मास्तरांना ठाऊक आहे. भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिनला आधी एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला होता. तिथे बाटल्यांत मांसाचं पाणी भरायचं, वर तुपाचे थेंब सोडायचे, त्यात प्लेगचे जंतू रुजवायचे. थेंबाखालून पांढरे धागे लोंबत वाढतात, गुहेच्या छताला चुनखडीचे सुळके लोंबावेत तसे. मग बाटली तापवून ते सगळे मारायचे आणि वर थोडं कार्बोलिक. गाय-डुकराचा वाद नको म्हणून मांस बोकडाचं.

"बोकडाचं पाणी, वर तूप," मावशी हिशोब करते. "म्हणजे रस्साच की."

मास्तर ब्राह्मण आहेत. ते भाकरीकडे पाहत राहतात. पुढच्या आठवड्याचं कारण आता तुमच्या लक्षात आलं असेल.

"आणि एकदा टोचलं की जन्माचं झालं?"

"कुणी सहा महिने म्हणतं, कुणी वर्ष."

"देवी तर एकदा काढल्या की झालं! माझ्या तर अंगावर येऊन गेल्या. मला आता काय होणार?"

"मावशी, त्या देवी वेगळ्या, ही गाठ वेगळी."

मावशीला ते पटत नाही. आणि पटावं तरी कसं? भिंतीपल्याड राहणारा धडधाकट माणूस सोमवारी कामावर होता आणि गुरुवारी नव्हता. गेल्या महिन्यात तपासणीवाले आले, गोरा सोल्जर दाराशी उभा राहिला, आणि बायकांच्या काखेत परक्यांनी हात घालून गाठी चाचपल्या. आर्थर रोडच्या इस्पितळात माणसाला उलटं टांगून मोमियाई, म्हणजे औषधी अर्क, काढतात, अशी वदंता होती, आणि 1896 च्या ऑक्टोबरात गिरणीतले लोक त्या इस्पितळावर चालून गेले होते. आता त्याच सरकारने कोपऱ्यावर मांडव घातलाय आणि म्हणतंय, दंड पुढे कर.

पण पंगतीच्या शेवटाला बसलेला एक पोरगा, मिसरूडही न फुटलेला, खरी अडचण सांगतो. "टोचलं की दोन दिवस ताप येतो म्हणे. दोन दिवस खाडा पडला तर पैसे कोण देणार?"

यावर मास्तरांच्या कागदात आकडा नाही.

तुम्ही पाट सोडता, हात धुता आणि सरळ मांडवाकडे निघता. कुणीतरी जायला हवं ना! शिवाय पुन्हा घोट्याला काहीतरी चावलंय, आणि ते काय ते इथे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमों नावाचा फ्रेंच डॉक्टर दाखवून देईल, की हा रोग मेलेला उंदीर सोडून निघालेल्या पिसवा आणतात. बरीच वर्षं त्याला कुणी मनावर घेणार नाही.

मांडवात ऊन कापडातून गाळून येतंय, आत गरम दमट हवा, रडणारी दोन पोरं, स्पिरिटच्या दिव्यावर धरलेली सुई. तुमच्या काळातली केसासारखी सुई विसरा, ही गोणपाट शिवायची वाटते. कंपाउंडर बाटली उचलून जोरात हलवतो, तळाचा गढूळ साका वर उठतो आणि पाणी दुधट होतं. हलवलं नाही तर एकाला नुसतं पाणी आणि शेवटच्याला सगळा गाळ. बाटलीचं तोंड पुसतो तेव्हा त्याच्या हाताकडे नीट पाहा. चार वर्षांनी पंजाबात मुलकोवालला अशाच एका बाटलीतून टोचलेली 19 माणसं धनुर्वाताने मरतील. खापर हाफकिनवर फुटेल आणि त्याच्यावरचा डाग पुसला जायला 1907 उजाडेल. मावशीच्या शंकांत सगळाच काही वेडेपणा नव्हता.

सुई आत जाते. मुंगी? मास्तर, ही मुंगी नव्हे, इंगळी आहे.

संध्याकाळी दंड टम्म फुगतो. रात्री दात वाजायला लागतात. खानावळीच्या कोपऱ्यात घोंगडीखाली तुम्ही कण्हत पडलाय आणि आठवतंय: कोविशील्डच्या दुसऱ्या दिवशीही असेच पडला होतात, पण तेव्हा उशाशी पॅरासिटामॉल होतं, पंखा होता आणि आजारपणाची रजा. इथे कपाळावर ओल्या फडक्याची घडी आहे. ती बदलणारा हात गोंदलेला आहे. मध्येच अंधारातून आवाज येतो, "जिवंत आहेस ना रे?" बाहेर तिरडीमागचा रामनामाचा गजर जवळ येतो, लांब जातो. या घोंगडीत तुम्हाला हाफकिन आठवतो. 10 जानेवारी 1897 ला त्याने सगळ्यांत आधी स्वतःलाच टोचून घेतलं, आणि तेही पुढे लोकांना देऊ लागले त्याच्या तिप्पट-चौपट. त्याच्या त्या रात्री कशा गेल्या असतील?

दुसरा दिवस तापात जातो. तिसऱ्या सकाळी भोंग्याने जाग येते आणि अंग हलकं आहे. ताप उतरलाय. तुम्ही उठून बसता तर समोर सगळी पंगत तुमच्याकडेच बघत बसलीय. मावशी चुलीपासून उठून येते, तुमची बाही वर करते, गाठीवर बोट दाबते. तुम्ही कळवळता.

"दुखतं?"

मास्तर दाराआडून खुणावतायत: नाही म्हणा, नाही म्हणा!

"दुखतं मावशी. चांगलंच. एक रात्र वाटलं, गेलो. दीड दिवस काम होणार नाही. पण उतरतं."

ती तुमच्याकडे बघते. महिनाभर सगळे तिला सांगत होते की काही होत नाही, आणि ज्यात काहीच होत नाही त्यात काही असेल, यावर तिचा विश्वास बसत नव्हता. ती त्या मिसरूड न फुटलेल्या पोराकडे वळते. "शनिवारी रात्री टोच. रविवार तापात काढ. सोमवारी पडलाच खाडा, तर दोन वेळचं जेवण माझ्याकडून." मग पदर खोचते. "चल रे, दाखव तो मांडव. आज चूल सुनेकडे."

रांगेत तिच्या मागे तुमच्या पंगतीतले पाच जण येऊन उभे राहतात, जरा अंतर राखून, पळायची वेळ आलीच तर म्हणून. साचेवाला सगळ्यांत मागे, अजून कपाळाला आठी. मावशी दंड पुढे करते. कंपाउंडर गोंधळतो, कारण खांद्याजवळही तुळशीवृंदावन गोंदलेलं, आणि मोकळी जागा शोधत त्याचं बोट हिरव्या ठिपक्यांवरून फिरतं. सुई जाते. मावशीचे ओठ घट्ट मिटतात, डोळ्यांत पाणी भरून येतं. ती ते पुसत नाही. वळते, आणि मागच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगते,

"दुखतंय रे! लई दुखतंय. या पुढं."