रेफरीमुळे खरंच विजेतेपद हुकतं का?

‘रेफरीनेच मॅच घालवली!’ मनोर असो की मुंबई, फुटबॉलप्रेमींच्या गप्पांत हे वाक्य हमखास येतं. मुंबई सिटी एफसीच्या 2023-24 च्या आयएसएल मोसमावरून ते तपासून पाहू.

नेमकं काय घडलं?
20 डिसेंबर 2023 रोजी अंधेरीच्या मैदानावर मुंबईने मोहन बागानला 2-1 ने हरवलं. पण चर्चा झाली ती सात लाल कार्डांची. त्यातली चार मुंबईच्या, तर तीन बागानच्या खेळाडूंना मिळाली.

नियम काय सांगतो?
खेळातल्या घटनांबाबत रेफरीचा निर्णय अंतिम असतो. व्हिडिओ पाहून निर्णय तपासण्याची ‘व्हीएआर’ सोय तेव्हा आयएसएलमध्ये नव्हती. लाल कार्ड मिळालेल्या खेळाडूच्या जागी दुसरा उतरवता येत नाही. शिवाय त्याला पुढच्या सामन्यालाही मुकावं लागतं.

मग विजेतेपदाचं काय?
खरा फटका इथेच बसतो. चारच दिवसांनी, हे खेळाडू नसताना, मुंबई कोचीत केरला ब्लास्टर्सकडून 2-0 ने हरली. तरीही लीग शिल्डची संधी हातात होती. 15 एप्रिल 2024 ला कोलकात्यात बागानविरुद्ध बरोबरीही पुरली असती. मुंबई 2-1 ने हरली. बागान 48 गुण, मुंबई 47!

4 मे रोजी त्याच मैदानावर बागानला 3-1 ने हरवून मुंबईने आयएसएल कप जिंकला.

थोडक्यात, एका शिट्टीने विजेतेपद जात नाही. पण कार्डाचा हिशेब पुढच्या सामन्यातही चुकवावा लागतो.